बंद कारखान्याची जागा घेताय? मातीचाही सर्च रिपोर्ट काढा

प्रश्न थोडक्यात असा: "भोसरीजवळ दोन एकरांवरचं बंद युनिट आम्ही तिघे भागीदार घेतोय. सत्तरच्या दशकात तिथे कापड रंगवण्याचा कारखाना होता, नंतर प्लेटिंग (धातूच्या भागांवर मुलामा) आणि हीट ट्रीटमेंट (भाग तापवून कडक करणं). आम्हाला निवासी इमारत करायची आहे, खाली दोन मजली पार्किंग. मालकाने मातीचा रिपोर्ट दिलाय, पाचही नमुने 'नॉर्मल'. आवारात एक जुनी विहीर आहे, ती बुजवणार आहोत. विसार द्यायचा का?"

विसार आत्ता देऊ नका. जागा वाईट आहे असं मी म्हणत नाही. अशा जागांवर चांगल्या इमारती उभ्या राहतात, त्यातल्या काहींच्या पायाखालच्या मातीचं काम मी स्वतः केलंय. पण आत्ता तुम्हाला नेमकं काय विकलं जातंय हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि मालकालाही कदाचित नसेल.

तुम्ही पाठवलेला रिपोर्ट वाचला. तो खोटा नाही, फक्त तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. त्यात सामू आहे, क्षारता आहे, सेंद्रिय कर्ब आहे, नत्र-स्फुरद-पालाश आहे. तुम्हाला तिथे ऊस लावायचा असता तर मी म्हटलं असतं, खुशाल लावा. क्रोमियम नाही, निकेल नाही, सायनाइड नाही, तेल नाही. शिवाय पाचही नमुने गेटजवळच्या मोकळ्या जागेतले आणि वरच्या एक फुटातले. गेटजवळ कोणी प्लेटिंग करत नाही. शेडखालचा एकही नमुना नाही, आणि प्रश्न सगळा शेडखालीच आहे.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो, तोही सांगून ठेवते. तुमचा आरसीसी कन्सल्टंट म्हणेल, "सॉइल रिपोर्ट झालाय." तो भारवहन क्षमतेचा रिपोर्ट असतो: मुरूम किती फुटांवर, पक्का दगड किती फुटांवर, फुटिंग कुठे बसवायचं. तो हवाच, पण त्यातून मातीत काय मुरलंय ते कळत नाही.

जागेचा व्यवहार करताना वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च घेता ना? सातबारा, फेरफार, इंडेक्स टू, बोजा आहे का, कोणाचा दावा आहे का. मातीचाही असाच सर्च असतो आणि तो प्रयोगशाळेच्या आधी येतो. माझ्या धंद्यात सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे, कारण लोक थेट ड्रिलिंग मशीन बोलावतात. कुठे खणायचं हे माहीत नसताना खणलेली वीस भोकं म्हणजे वीस ठिकाणी काही सापडलं नाही एवढाच पुरावा.

कागदांपासून सुरुवात करा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची जुनी संमतीपत्रं मालकाकडे मागा, अगदी पहिल्यापासूनची. कंपनी काय बनवत होती, किती पाणी वापरत होती, कोणत्या प्रकारचा धोकादायक कचरा वर्षाला किती निघणार होता, हे त्यात लिहिलेलं असतं. मग फॉर्म ४ मधली वार्षिक विवरणपत्रं आणि कचरा ट्रकने पाठवला त्याचे मॅनिफेस्ट मागा. आता साधी वजाबाकी करा. संमतीपत्राप्रमाणे निघालेला गाळ वजा खरोखर बाहेर गेलेला गाळ. जो फरक येतो तो हवेत विरलेला नसतो, तो कुठेतरी आवारातच असतो किंवा शेजारच्या नाल्यात. आणि ज्या काळाचे कागदच नाहीत तो काळ सगळ्यात महत्त्वाचा धरा. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा, धोकादायक कचऱ्याचे पहिले नियम १९८९ चे, आणि असा कचरा घेणारं रांजणगावचं केंद्र तर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सुरू झालं. तुमचा रंगाचा कारखाना यांतल्या बहुतेकांच्या आधीचा आहे. त्या काळी गाळ "मागे टाकायचे". मागे म्हणजे कुठे, ते शोधायचं.

ते कागद सांगत नाहीत, माणसं सांगतात. जुना फिटर, ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र) चालवणारा, बॉयलर अटेंडंट, वॉचमन, यांतलं कोणीतरी भोसरी-दिघी-चऱ्होलीत अजून राहत असतंच. त्यांना "प्रदूषण होतं का?" असं विचारू नका, सगळे नाहीच म्हणतील, ती त्यांची कंपनी होती. चहा पाजा आणि विचारा: टाकी गळायची तेव्हा पाणी कुठे जायचं? पावसाळ्यात कोणत्या कोपऱ्यात पाणी रंगीत व्हायचं? कुठे गवत उगवत नव्हतं? शेड वाढवली तेव्हा जुनी टाकी काढली की वरच कोबा केला? या शेवटच्या प्रश्नाने मला आजवर जेवढं मिळवून दिलंय तेवढं कोणत्याच यंत्राने नाही. जमिनीत गाडलेली फर्नेस ऑइलची टाकी काढायला खर्च येतो, वरून कोबा करायला कमी येतो. हिशेब सोपा आहे. गूगल अर्थवरची जुनी उपग्रह छायाचित्रंही पाहा, शेड कधी वाढली ते वर्षासह दिसतं.

आता तुमच्या जागेवर काय शोधायचं. रंगखात्यात सल्फर आणि व्हॅट रंग पक्के करायला बायक्रोमेट वापरत, म्हणजे सहा संयुजेचं क्रोमियम. शिवाय बॉयलरची राख, आणि ती बहुधा आवार सपाट करायलाच पसरलेली असते. प्लेटिंगमध्ये पुन्हा क्रोमियम, निकेल, जस्त, सायनाइड, आणि पार्ट धुवायचं ट्रायक्लोरो, म्हणजे ट्रायक्लोरोएथिलीन. हीट ट्रीटमेंटमध्ये सायनाइडचे क्षार, बेरियम, क्वेंचिंगचं तेल. ट्रान्सफॉर्मरची जागा विसरू नका, जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी हे विषारी रसायन असू शकतं. छताचे सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असणार. ते हातोड्याने फोडून खाली टाकायचे नाहीत, ओले करून अख्खे उतरवायचे. आणि भरावाकडे लक्ष द्या. आपल्याकडे भराव म्हणजे जो फुकट मिळेल तो: राडारोडा, फाउंड्रीची जळकी वाळू, दुसऱ्याच कारखान्याचा गाळ. तुमच्या जागेवर सापडलेलं सगळं तुमच्याच जागेचं असेल असं नाही.

एक इशारा इथेच, कारण हा जिवाचा प्रश्न आहे. पाडकाम करणारा भंगारवाला आधी बोलावू नका. सायनाइडच्या जुन्या टाकीत आम्ल सांडलं तर हायड्रोजन सायनाइड वायू निघतो आणि खड्ड्यात उतरलेला माणूस वर येत नाही. टाक्या, गटारं, सम्प आधी तपासून रिकाम्या करायच्या, मग पाडकाम. आणि शेडचा कोबा पावसाळ्याच्या तोंडावर फोडायचा नाही. तो कोबा म्हणजे तुमच्या घाणीवर असलेलं झाकण आहे. मे महिन्यात कोबा उखडून जागा तशीच सोडली की पुढचे चार महिने पाऊस ती घाण धुऊन खाली नेतो.

नमुने कसे घ्यायचे? पुण्याची जमीन या बाबतीत सोयीची आहे. वर काळी माती नाहीतर भराव, मग मुरूम, मग दगड. बऱ्याच ठिकाणी जेसीबीने केलेला आठ-दहा फुटांचा खड्डा पुरतो, आणि खड्ड्याच्या भिंतीत थर डोळ्यांनी दिसतात, जे बोअरमध्ये दिसत नाहीत. दोन एकरांत मी साधारण वीस जागा घेईन, त्यांतल्या बहुतेक प्लेटिंगची लाइन, रंगखातं, टाक्या, ईटीपी आणि गटाराच्या कडेला. प्रत्येक जागी दोन-तीन खोल्यांवरचे नमुने. पाच ठिकाणची माती एकत्र कालवून एक नमुना करायचा नाही. एका जागचं विष चार जागांच्या चांगल्या मातीत विरघळतं आणि रिपोर्ट छान येतो. ट्रायक्लोरो आणि पेट्रोलजन्य पदार्थांसाठी माती काचेच्या बरणीत, घट्ट झाकून, बर्फाच्या पेटीत. प्लास्टिकच्या पिशवीतून गेलेला नमुना पोहोचेपर्यंत उडून गेलेला असतो. क्रोमियम एकूण किती आणि त्यात सहा संयुजेचं किती, हे वेगवेगळं मागा. तीन संयुजेचं क्रोमियम मातीला चिकटून बसतं; सहा संयुजेचं पाण्याबरोबर चालतं आणि ते कर्करोगकारक आहे. लॅबकडे एनएबीएलचं (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेचं) प्रमाणपत्र असणं आणि नेमकी ही चाचणी त्यांच्या स्कोपमध्ये, म्हणजे मान्यता मिळालेल्या चाचण्यांच्या यादीत असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. स्कोपचं पान मागून घ्या.

आता आकडे आले की घाबरायची वेळ येते, आणि इथे उलट्या बाजूची चूक होते. तुलनेसाठी आपल्याकडे बरेच सल्लागार डच मर्यादा वापरतात. तांब्याची डच हस्तक्षेप-मर्यादा, म्हणजे जिच्यावर माती गंभीर दूषित धरतात ती, किलोमागे १९० मिलिग्रॅम आहे. आपला दख्खनचा काळा दगड मुळातच तांब्याने संपन्न आहे. त्यात तांबं दीडशे-दोनशेच्या घरात असणं ही नेहमीची गोष्ट. त्यापासून झालेली काळी मातीही तशीच. व्हॅनेडियमचंही हेच. म्हणजे नेदरलँड्सच्या वाळूसाठी केलेली फूटपट्टी लावली तर निम्मं पुणे दूषित ठरेल. एका जागेवर मी हे प्रत्यक्ष पाहिलंय: बाहेरून आलेल्या सल्लागाराने अख्खी जागा तांब्यासाठी उचलून न्यायला सांगितली होती. शेजारच्या टेकडीवरची, जिथे कधी कारखाना नव्हता तिथली माती तपासली, तर आकडा तोच. म्हणून पहिले दोन-तीन नमुने आवाराबाहेरच्या कोऱ्या मातीचे घ्या. तुमची पायाभूत पातळी ती. तांब्यावर घाबरू नका. शिसं, कॅडमियम, सहा संयुजेचं क्रोमियम, सायनाइड यांच्यावर घाबरा, ते दगडातून आलेलं नसतं.

मातीपेक्षा मला पाण्याची काळजी जास्त वाटते. वाळूच्या जमिनीत भूजल चादरीसारखं सरकतं, तीन बोअर घेतले की दिशा कळते. आपल्या दगडात ते फटीफटींतून जातं. एका बोअरला स्वच्छ पाणी आणि वीस फुटांवरच्या दुसऱ्याला पिवळं, असं होतं. ट्रायक्लोरो पाण्यापेक्षा जड असल्याने फट मिळेल तिथून खाली उतरत राहतं. तरीही तीन निरीक्षण बोअर घ्याच, वरचा केसिंग पाइप नीट सील करून, नाहीतर वरची घाण तुम्हीच खाली पोहोचवाल. आणि पाणी दोनदा तपासा, मे अखेरीस आणि ऑक्टोबरात. पावसाळ्यानंतर पाणी वर येतं, उन्हाळ्यात कोरड्या असलेल्या थरातली घाण भिजते, आणि मे महिन्यातला निर्मळ रिपोर्ट ऑक्टोबरात टिकत नाही.

पिंपरी भागातलीच एक जागा सांगते. बेसमेंटचं खोदकाम चालू होतं, जून महिना. खड्ड्याच्या एका भिंतीतून पिवळसर पाणी झिरपायला लागलं. कंत्राटदार म्हणाला, मुरमाचा रंग आहे. पंप लावून ते पाणी तीन दिवस नाल्यात सोडलं. मुरमाचं पाणी तांबूस गढूळ असतं आणि बादलीत ठेवलं की निवळतं. हे निवळेना, आरपार स्वच्छ आणि पिवळं. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम आहे. डोळ्याला पिवळं दिसायला लागतं तोपर्यंत ती कितीतरी पटींनी ओलांडलेली असते. प्लेटिंगची शेड मात्र पार दुसऱ्या टोकाला. आम्ही आठवडाभर शेडखाली शोधत बसलो. शेवटी एका निवृत्त कामगाराने सांगितलं की रिन्सचं पाणी पावसाच्या गटारातून कंपाउंडच्या कडेने जायचं आणि गटाराला एके ठिकाणी तळच नव्हता. नेमकी तीच भिंत. वर पंप चालू असल्याने आजूबाजूचं सगळं दूषित पाणी आम्हीच त्या खड्ड्याकडे ओढून घेत होतो. दोन मजली बेसमेंट म्हणजे पावसाळ्यात ओढ लावणारी एक प्रचंड विहीर, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात कायमचं बसलं. त्या माणसाला मी आधी का भेटले नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

कायद्याचं थोडक्यात. औद्योगिक विभागात निवासी वापर एकात्मिक विकास नियमावलीत अटींवर मिळतो. बंद उद्योग असेल तर कामगारांची देणी चुकवल्याचं कामगार आयुक्तांचं ना हरकत पत्र लागतं, आणि ते लागावंच. मुंबईत १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनींवरून किती वर्षं वाद झाला हे आपण पाहिलंय: विकास नियंत्रण नियमावलीतला १९९१ चा ५८ वा नियम, २००१ चा बदल, २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. भांडण जमिनीच्या वाटणीचं होतं. त्या जमिनीत काय मुरलंय हा प्रश्न त्या गदारोळात क्वचितच कोणी विचारला. तुमची जागा एमआयडीसीची लीजवरची आहे की खासगी, तेही पाहा. एमआयडीसीची असेल तर सगळं गणित वेगळं. दोन एकर म्हणजे सुमारे ८,१०० चौरस मीटर. एफएसआय आणि टीडीआर (दुसरीकडून आणलेला बांधकामाचा हक्क) धरून बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या वर गेलं तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागेल आणि तिथे जागेचा इतिहास सांगावा लागेल. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम काढले. आता स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागा कळवायच्या, राज्य मंडळाने तपासायच्या, आणि खर्च जबाबदार व्यक्तीकडून वसूल करायचा. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यायची हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच बिछडी प्रकरणात ठामपणे सांगितलं होतं. उदयपूरजवळच्या त्या गावात एच-ॲसिड या रंगाच्या कच्च्या मालाच्या कारखान्यांनी विहिरींचं पाणी लाल केलं होतं. तत्त्व चांगलं आहे. पण प्रदूषण करणारी कंपनी दिवाळखोर आणि जमीन तुमच्या नावावर, अशा वेळी नोटीस कोणाच्या दारावर चिकटेल, ते वकिलाला विचारा.

सफाईबद्दल लोकांच्या दोनच कल्पना असतात: सगळं उचलून रांजणगावला पाठवा, नाहीतर वर काँक्रीट ओता. बहुतेक जागांचं उत्तर या दोन्हींच्या मिश्रणात असतं. प्लेटिंग लाइनखालची सर्वांत वाईट माती उचलावीच लागते, मॅनिफेस्टसह. ती ट्रकवाल्याला "कुठेतरी टाक" म्हणून दिलीत तर तुम्हीच नवे प्रदूषक. तेलाची माती जागेवरच ढीग करून, हवा, ओलावा आणि खत देऊन जिवाणूंकडून सुधारता येते, फक्त महिने लागतात आणि बिल्डरला महिने नको असतात. पाण्यातलं सहा संयुजेचं क्रोमियम फेरस सल्फेटने, किंवा चक्क साखर कारखान्याच्या मळीने तीन संयुजेत आणता येतं: जिवाणू मळी खातात, ऑक्सिजन संपवतात, क्रोमियम बसतं. फटीच्या दगडात ते सगळीकडे पोहोचत नाही, म्हणून पुढच्या पावसाळ्यात आकडा पुन्हा वर येतो. एका रिपोर्टवर विश्वास ठेवून फटाके फोडू नका. मोहरी किंवा वाळा लावून जागा शुद्ध करण्याच्या योजना कोणी आणल्या तर नम्रपणे चहा देऊन पाठवा. दहा वर्षं थांबायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.

खरी बचत नकाशात असते. घाण ज्या कोपऱ्यात आहे तिथे बेसमेंट घेऊ नका, पोडियम पार्किंग (जमिनीच्या वरच्या मजल्यांवर) करा आणि खोदकामच टाळा. ट्रायक्लोरो सापडलं तर तळमजल्याखालून वाफ घरात येऊ नये म्हणून खाली पडदा आणि हवा काढायची नळी बसवा. बागेला बाहेरची चांगली माती किमान तीन फूट. आणि पर्जन्यजल पुनर्भरण सक्तीचं आहे म्हणून आर्किटेक्ट डोळे झाकून रिचार्ज पिट दाखवतो. तो दूषित मातीतून गेला तर दरवर्षी तुम्ही स्वतः क्रोमियम धुऊन शेजाऱ्याच्या बोअरला पाठवाल. त्या बाजूला पाणी टाकीत साठवा, जमिनीत सोडू नका.

व्यवहाराबद्दल. अमेरिकेत नायगरा फॉल्स गावात लव्ह कॅनॉल नावाचा रासायनिक कचऱ्याने भरलेला कालवा होता. कंपनीने १९५३ मध्ये ती जमीन शाळा मंडळाला एका डॉलरला विकली आणि करारात जबाबदारी झटकणारं कलम घातलं. वर शाळा झाली, भोवती घरं झाली, १९७८ मध्ये माणसांना तिथून हलवावं लागलं. तुमच्या मालकाच्या मसुद्यात "जागा आहे त्या स्थितीत" असे शब्द आहेत, तुम्हीच पाठवलाय. ते काढायला सांगा. विसाराऐवजी आधी साधा करार करा: तीन महिने तपासणीची परवानगी, खर्च तुमचा. मग साठेखतात सफाईचा अंदाजित खर्च किमतीतून वजा करा, आणि काही रक्कम दुसऱ्या पावसाळ्यानंतरच्या पाण्याच्या रिपोर्टपर्यंत तिऱ्हाइताकडे ठेवा. मालक तपासणीलाच नाही म्हणाला तर रिपोर्ट मिळाला असं समजा.

राहिली विहीर. ती बुजवायची घाई करू नका, आणि राडारोडा तर मुळीच टाकू नका. चाळीस वर्षं त्या जमिनीचं पाणी तिच्यात येतंय, इतकी जुनी निरीक्षण विहीर विकत घ्यायची तर मिळणार नाही. पुढच्या वेळी जाल तेव्हा कामगाराला आत उतरवू नका. दोरीला वजन आणि बाटली बांधा, वरचं पाणी सोडून तळाजवळचं काढा, काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा. उजेडात धरून पाहा. पिवळं दिसलं तर हातमोजे नसताना त्याला हात लावू नका आणि त्याच दिवशी लॅबला पाठवा.